वेगातील फरक आणि वाहन पुढे काढण्याचे गणित

खेड्यातील शाळा पुष्कळदा रस्त्याला लागूनच असते. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत गळिताचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावरील रहदारी एकाएकी वाढते. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, उसाने भरलेली बैलगाडी, एस. टी., मालमोटार, मोटारसायकल आणि दप्तर घेऊन चालणारी मुले ही सर्व एकाच अरुंद पट्ट्यावर येतात. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीइतका, तर मोटारीचा ताशी साठ-सत्तर किलोमीटर. मध्ये दुभाजक नसतो. अशा रस्त्यावर अपघात झाला म्हणजे “गाडी फार वेगात होती,” एवढेच म्हणून लोक थांबतात. ते म्हणणे खोटे नाही; परंतु ते अर्धेच सत्य आहे. वाहनांच्या वेगांतील फरक, त्या वेगांची अनिश्चितता आणि दुसऱ्यास मागे टाकण्याची घाई या गोष्टीही तितक्याच विचारात घ्यावयास हव्यात.

सर्व वाहने सारख्या वेगाने चालली असती, तर कोणासही पुढे निघावयाचे कारण उरले नसते. परंतु तसे घडणे शक्य नाही. २०१८ साली केंद्र शासनाने वेगाच्या ज्या कमाल मर्यादा ठरविल्या, त्यांतही दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यांवर मोटारीस ताशी ७० आणि मालमोटारीस ताशी ६० किलोमीटर असा फरक ठेवलेला आहे. तेव्हा पुढील वाहन मागे टाकणे, ज्यास सर्वत्र ‘ओव्हरटेक करणे’ असे म्हणतात, हे टळणारे नव्हे. ते केव्हा करावे व केव्हा करू नये, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर पाचवी ते सातवीच्या अंकगणितात सापडते.

एक मालमोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे व मागून ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार येत आहे, असे समजावे. मोटार २० मीटर मागे असताना उजवीकडे वळते आणि मालमोटारीच्या २० मीटर पुढे गेल्यावर पुन्हा डावीकडे येते. मालमोटारीची लांबी १० मीटर व मोटारीची ४ मीटर धरल्यास मोटारीला एकंदर ५४ मीटर अंतर जास्त कापावे लागते. दोघांच्या वेगातील फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. म्हणून या कामास सुमारे १० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार रस्त्यावर सुमारे १६७ मीटर पुढे गेलेली असते. समोरून तितक्याच वेगाने दुसरे वाहन येत असेल, तर तेही १६७ मीटर जवळ आलेले असते. याचा अर्थ असा की, किमान ३३४ मीटर रस्ता मोकळा दिसत असल्याखेरीज पुढे निघणे म्हणजे जिवाशी खेळ होय. आणि यात सुरक्षिततेसाठी राखावयाचे अंतर धरलेलेच नाही.

आता मोटार उजवीकडे वळताच मालमोटारीच्या चालकाने वेग ताशी ५० केला असे समजावे. फरक निम्मा झाला, म्हणून वेळ दुप्पट झाला. १० सेकंदांचे काम सुमारे २० सेकंदांवर गेले, आणि मोकळ्या रस्त्याची गरज ३३४ मीटरांवरून सुमारे ६६७ मीटरांवर गेली. मोटारचालकाचा पहिला अंदाज अगदी बरोबर असला, तरी तो आता निरुपयोगी ठरला. रस्त्यावर असे नित्य घडते. काही चालक बोलण्याच्या किंवा दूरध्वनीच्या नादात वेग मंदावतात आणि कोणी पुढे जाऊ लागला की अपमान झाल्याप्रमाणे वेग वाढवितात. म्हणूनच, आपणास कोणी मागे टाकीत असता वेग वाढवू नये व त्याच्या मार्गात अडथळा आणू नये, असा वाहतुकीचा नियमच आहे. त्यामागे केवळ सौजन्य नसून वरील गणित आहे.

रस्ते बांधणारे अभियंते हेच गणित वापरतात. भारतीय रस्ते महासभेच्या मानकात ताशी ६० किलोमीटर वेगासाठी ३०० मीटर, तर ताशी ८० साठी ४७० मीटर दृष्टिअंतर सुचविलेले आहे. जेथे इतके अंतर दिसत नाही, अशा वळणावर, चढाच्या माथ्यावर किंवा अरुंद पुलावर पुढे निघू नये. रस्त्याच्या मध्यावरील अखंड रेषा हीच गोष्ट चालकास सांगत असते.

अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सरासरी वेगाहून फार जलद किंवा फार सावकाश जाणारी वाहने अपघातांत अधिक सापडतात, असे दाखविले. वळण्यासाठी मंदावलेली वाहनेही त्यात मोजली गेली, अशी टीका पुढे त्यावर झाली. यावरून सर्वांनी जलद जावे असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हा निसर्गनियम कायमच आहे.

एवढा धोका पत्करून मिळते काय? तालुक्याचे गाव १० किलोमीटरवर असल्यास ताशी ५० च्या वेगाने १२ मिनिटे लागतात आणि ताशी ६० च्या वेगाने १० मिनिटे. लाभ केवळ दोन मिनिटांचा.

हा विषय मुलांच्या जिवाशी निगडित आहे. लहान मूल येणारे वाहन किती दूर आहे एवढेच बहुधा पाहते. ते किती वेगाने येत आहे, याचा अंदाज त्यास नीट करता येत नाही. थांब्यावर उभ्या असलेल्या एस. टी.च्या आडून रस्ता ओलांडणारे मूल मागून पुढे निघणाऱ्या मोटारसायकलस्वारास दिसत नाही, आणि मुलासही तो दिसत नाही. म्हणून एस. टी. निघून जाऊन दोन्ही बाजू स्वच्छ दिसेपर्यंत रस्ता ओलांडू नये, हा नियम पहिलीपासूनच मुलांच्या अंगवळणी पाडावा.

वरच्या वर्गांसाठी शिक्षकांना मैदानावर एक सोपा प्रयोग करता येईल. एका मुलाने प्रत्येक टाळीला दोन पावले व त्याच्या पाच पावले मागे असलेल्या दुसऱ्याने तीन पावले चालावे. दुसरा पहिल्याच्या पाच पावले पुढे जाण्यास दहा टाळ्या लागतील आणि तो तीस पावले चाललेला असेल. मग समोरून टाळीला तीन पावले चालणारा तिसरा मुलगा चाळीस पावलांवरून सोडावा. काम पुरे होण्याआधीच, सातव्या टाळीच्या आत, दोघे समोरासमोर येतील. शेवटी पहिल्या मुलास वाटेतच तीन पावले टाकावयास सांगावे. आता दोघे बरोबरीने चालू लागतील, आणि पुढे निघणे कधीच घडणार नाही. ईर्षेचा परिणाम काय होतो, हे मुलांना मग निराळे सांगावे लागत नाही.

अशी मुले घरी जाऊन वडिलांना व थोरल्या भावाला हे गणित समजावतील. शिक्षक स्वतः वाहनावरून शाळेत येत असतील, तर मुलांचे त्यांच्याकडेही लक्ष असते. समान वेगाने चालणारा, मागच्यास वाट देणारा आणि वळणावर धीर धरणारा शिक्षक रोज सकाळी फळ्यावाचून हाच पाठ देत असतो.