गियरपेटीतील तांबडे तेल

मे महिन्यात दिल्लीचे तपमान 44-45 अंश सेल्सियसपर्यंत चढते. अशा दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी गुरगावच्या कचेऱ्या सुटल्या की शेकडो मोटारी पहाडाच्या दिशेने निघतात. शहराबाहेर पडेपर्यंत तास-दोन तास त्या गोगलगायीच्या गतीने सरकत असतात. पुढे महामार्गावर भरधाव धावतात आणि पहाटे लॅन्सडाउनचा किंवा मसुरीचा घाट चढू लागतात. एंजिनातील तेल दर वर्षी बदलावे हे या मोटारींच्या मालकांना पक्के ठाऊक असते. परंतु मोटार स्वयंचलित गियरची असेल, तर तिच्या पोटात आणखी एक तेल आहे आणि या प्रवासाचा सर्वांत मोठा ताप तेच सोसत आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

ही उपेक्षा समजण्याजोगी आहे. दिल्ली परिसराला चारही चाके ओढणाऱ्या मोटारीची खरी ओळख झाली ती गुरगावच्या कारखान्यात 1985 साली तयार होऊ लागलेल्या मारुती जिप्सीमुळे. जिप्सीचे गियर हाताने बदलावे लागत. तिच्या पेटीत दाट तेल असे आणि ते वर्षानुवर्षे पाहिले नाही तरी सहसा काही बिघडत नसे. त्याच कारखान्यातून 2023 साली आलेली जिम्नी मात्र चार गतींच्या स्वयंचलित पेटीसहही मिळू लागली. नाशिकला तयार होणारी महिंद्र थार 2020 पासून सहा गतींच्या स्वयंचलित पेटीसह मिळू लागली. वाहन बदलले, मालकाची सवय मात्र जिप्सीच्या काळातील राहिली.

स्वयंचलित पेटीत तेलाचे काम केवळ वंगणाचे नसते. एंजिन आणि गियर यांच्यामध्ये येथे पायाने दाबावयाचा क्लच नाही. त्याच्या जागी एकमेकांसमोर तोंड करून बसवलेली दोन पंख्यांसारखी चाके असतात. एक चाक एंजिन फिरवते. ते तेल जोराने दुसऱ्या चाकावर फेकते आणि त्या माऱ्याने दुसरे चाक फिरू लागते. मध्ये बसवलेले तिसरे, लहान चाक परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते आणि त्यामुळे आरंभीचा जोर वाढतो. हरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली ही योजना शोधून काढली, ती जहाजांसाठी. मोटारीत ती पुष्कळ नंतर आली. दोन चाकांच्या वेगांत जितकी तफावत, तितके तेल अधिक घुसळले जाते, आणि घुसळण म्हणजे उष्णता. वाहतुकीच्या कोंडीत पावलापावलाने सरकताना ही तफावत फार असते आणि नेमका त्याच वेळी मोटारीखालून थंड वाराही वाहत नसतो.

हेच तेल पंपाच्या दाबाने झडपांतून जाऊन गियर बदलते, दंतचक्रांना वंगण पुरवते आणि आतील उष्णता बाहेर वाहून नेते. शिवाय त्यात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांवर कागदासारख्या तंतूंचे अस्तर असते. त्या चकत्यांनी नेमके किती घसरावे आणि केव्हा घट्ट पकडावे, हेही तेलात मिसळलेली रसायने ठरवितात. वाचकांना नवल वाटेल, पण अमेरिकेत अनेक वर्षे या कामासाठी स्पर्म देवमाशाचे तेल वापरले जात असे. देवमाशांच्या संरक्षणासाठी 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथे त्यावर कायद्याने बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. म्हणूनच ‘तेल ते तेल’ हा न्याय येथे लागू पडत नाही. तांबडा रंग तर केवळ ओळखीसाठी घातलेला असतो. दोन तेले सारखीच तांबडी असूनही गुणाने भिन्न असू शकतात. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात विचारावयाचे ते रंगाविषयी नव्हे, तर मोटारीच्या पुस्तिकेत छापलेल्या मानकाविषयी.

आता काही उत्पादक सांगतात की हे तेल पेटीच्या आयुष्यभर पुरते. या विधानात खोटे काही नाही. मात्र आयुष्य म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नसते. स्थूल मानाने, तपमान दर 10 अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडीभवनाचा वेग दुप्पट होतो. पुष्कळ पुस्तिकांत देखभालीची दोन वेगळी कोष्टके असतात, एक सामान्य वापरासाठी आणि दुसरे कठोर परिस्थितीसाठी. धूळ, तीव्र उन्हाळा, सततची कोंडी, घाट आणि ओझे ही कठोर परिस्थितीची लक्षणे होत. दिल्लीकर मालक स्वतःला पहिल्या कोष्टकात बसवितो आणि राहतो मात्र दुसऱ्यात.

चारही चाके ओढणाऱ्या मोटारीत मुख्य पेटीच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. ती पुढच्या आणि मागच्या आसांना शक्ती वाटून देते. तिचे तेल वेगळे असते, भरण्याचे बूच वेगळे असते. काही मोटारींत तेथे दाट गियर-तेल लागते, तर काहींत तांबडेच. घाईत एकाचे तेल दुसऱ्यात गेल्याची उदाहरणे कारागीर सांगतात. या पेटीतील ‘लो’ गती फक्त चिखलासाठी आहे असाही एक समज दिसतो. वस्तुतः खड्या, निसरड्या चढावर ती लावली असता जोर मुख्य पेटीच्या पुढे वाढविला जातो. त्यामुळे पंख्यांची घसरण कमी होते आणि तेलही कमी तापते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ती लावू नये. नदीनाले ओलांडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तापलेली पेटी अकस्मात पाण्यात थंड झाली की श्वास-नळीतून किंवा सैल झालेल्या बुचातून पाणी आत ओढले जाऊ शकते. मग तेल दूध घातलेल्या सरबतासारखे गुलाबी व गढूळ दिसते आणि चकत्यांचे अस्तर सुटू लागते. अशा वेळी किलोमीटर मोजत बसू नये. मोटार न चालविता उचलून न्यावी.

तेल बदलण्याची कृती सांगावयास सोपी आहे. मोटार सपाट जागी, चारही चाके समपातळीत ठेवून उभी करावी. उतारावर किंवा एका बाजूने उचलून मोजलेली पातळी फसवी असते. तेल कोमट असतानाच खालचे बूच काढावे. फार तापलेले तेल हात भाजते. निघालेले तेल मापाच्या भांड्यात धरावे, कारण जितके निघाले तितकेच भरणे हा आरंभीचा सुरक्षित मार्ग होय. तळाचे ताट काढता येत असेल तर त्यातील चुंबक पाहावा. त्यावर करडा, मऊ लेप असणे हे वयाचे लक्षण आहे, रोगाचे नव्हे. बोटांना टोचणारे धातूचे तुकडे असतील तर गोष्ट निराळी. नंतर एंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, दांडा प्रत्येक स्थानावर काही क्षण थांबवीत फिरवावा, म्हणजे तेल सर्व वाटांत पोहोचते. पातळी अखेरीस पुस्तिकेत दिलेल्या तपमानालाच तपासावी, कारण तापलेले तेल प्रसरण पावते. कमी भरले तर पंप हवा ओढतो; अधिक भरले तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाने दाब धरला जात नाही.

येथे पुष्कळांची निराशा होते. बूच काढल्यावर सगळे तेल निघत नाही. पंख्यांच्या पोटात आणि नळ्यांत बरेचसे उरतेच. समजा 10 लिटरांपैकी 4 निघाले, तर पहिल्या वेळी नवे तेल 40 टक्के होते; मध्ये काही दिवस मोटार चालवून दुसऱ्यांदा बदलले तर 64 टक्के आणि तिसऱ्यांदा सुमारे 78 टक्के. यंत्राच्या दाबाने सगळे तेल एकदम धुऊन काढण्यापेक्षा, दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या पेटीसाठी ही सावकाश रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. ‘नवे तेल घातले आणि पेटी बसली’ अशा कथा ऐकू येतात. त्यांतील बहुतेक ठिकाणी पेटी आधीच घसरू लागली असावी आणि मालकाने शेवटचा उपाय म्हणून तेल बदलले असावे. झिजलेले अस्तर तेलाने परत येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना या विषयाशी काय कर्तव्य, असे वाटेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अंमलात आणावयास सांगितले. पुढे या नियमात फेरबदल झाले. परंतु तोवर दिल्लीच्या अनेक दणकट मोटारी इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या होत्या. अशी मोटार घेताना, तेल तपासण्याची काडी असल्यास, पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून पाहावा. करपट वास आणि पसरत नसलेला काळा डाग दिसला, तर किंमत त्या हिशेबाने ठरवावी. काडी नसेल तर बूच उघडणाऱ्या कारागिराचे चार पैसे आधी खर्च करावेत.

निघालेले तेल हा स्वतंत्र प्रश्न आहे. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. गटारात ओतलेले तेल दिल्लीत बहुधा नजफगढच्या नाल्यात उतरते आणि तो नाला वजिराबादच्या पुढे यमुनेला मिळतो. म्हणून ते जुन्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, वापरलेले तेल रीतसर घेणाऱ्या कार्यशाळेकडे द्यावे. आणि त्यात एंजिनाच्या शीतकाचे पाणी मिसळू देऊ नये, कारण मिसळलेले तेल पुन्हा शुद्ध करणे कठीण होते.