हरेगावची माउली आणि झोपेची संत

आजार आपापसांत वाटून घेतलेल्या कॅथलिक संतांचं मला फार वर्षांपासून वेड आहे. घसा ब्लेझकडे, दात अपोलोनियाकडे, डोळे लुसीकडे, कर्करोग पेरेग्रिनकडे. वाटणीचा हिशेबही सरळ आहे, ज्यानं जे सोसलं किंवा बरं केलं ते त्याचं खातं. छळ करणाऱ्यांनी अपोलोनियाचे दात पाडले, म्हणून दातदुखी तिच्या गळ्यात. घशात काटा अडकलेलं पोर ब्लेझनं वाचवलं, म्हणून 3 फेब्रुवारीला आजही फुलीसारख्या धरलेल्या दोन मेणबत्त्या भाविकांच्या गळ्याशी टेकवून आशीर्वाद देतात.

मग आपल्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) यातलं काय पोचलं? फारसं काहीच नाही, आणि गंमत तिथंच आहे.

श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव हे एकेकाळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव. तिथं 1949 पासून सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मारियेची, यात्रा भरते. 8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन, त्याआधी नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणजे नोव्हेना. चर्च संत तेरेजाच्या नावाचं. तेरेजा नावाच्या प्रसिद्ध संत दोन. आविलाची तेरेजा डोकेदुखीवरची. लिस्यूची तेरेजा 1897 साली चोविसाव्या वर्षी क्षयानं गेली. प्रार्थनेत आपल्याला डुलकी लागते हे तिनं आत्मकथेत मोकळेपणानं सांगितलंय, आणि त्याचा तिला खेदही नव्हता. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच लाडकं, असं तिचं म्हणणं. झोपमोड झालेल्यांनी हिलाच धरायला हवं होतं! पण यात्रेकरू तेरेजाकडे नव्हे, माउलीकडे येतात. ताप, मूलबाळ, दारू, न लागणारी झोप, सगळं एकाच दारी. येणाऱ्यांत हिंदूही असतात, आणि त्यांना तेरेजा कोण हे ठाऊक असण्याचं कारणही नाही.

असं का झालं? माझ्या मते कारणं दोन. राहुरी तालुक्यातल्या केंदळ-वळणकडे, संगमनेर-राहात्याकडे जेझुइट फादर आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे युरोपातल्या रोगनिहाय संतांचा बहर ओसरल्यावर. धर्मांतर केलेले लोक बहुतांशी महार-मांग वस्त्यांतले. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाबाहेर नेणाऱ्यांना रोगांची आई एकच असते, हे शिकवावं लागत नव्हतं. दुसरं कारण शेजाऱ्यांचं. नगरात अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून पाय रोवून होतं. संतांना आळवणं त्यांच्या लेखी मूर्तिपूजेची धाकटी बहीण. आजाऱ्यासाठी थेट प्रभूला विनवा आणि दवाखान्यात न्या. डॉ. रूथ ह्यूम यांनी नगरला उभं केलेलं त्या मिशनचं रुग्णालय 1939मध्ये साल्वेशन आर्मीकडे गेलं, तेच आजचं बूथ हॉस्पिटल. अशा शेजारात कॅथलिकांनी दातांसाठी एक आणि घशासाठी दुसरा संत मांडला असता, तर वाद हरल्यातच जमा होता. आईवर मात्र कुणाला फार बोलता येत नाही.

झोपेची अडचण आणखी वेगळी. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चखालच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मिळतात. दुखेल तो अवयव विकत घ्या आणि माउलीपुढं ठेवा. न आलेली झोप मेणात कशी ओतणार? युरोपनं त्यावरही माणसं नेमलीच. एफेससचे सात झोपाळू गुहेत पिढ्यान्‌पिढ्या झोपले (कुराणातल्या सूरा कहफमुळे मुसलमान वाचकांनाही ते ओळखीचे), त्यांना निद्रानाशाचे रुग्ण आळवत. आणि डिंफ्ना.

या डिंफ्नानं मला कैक रात्री जागवलं. आख्यायिका अशी: आयर्लंडची राजकन्या, आई वारल्यावर बापाची बुद्धी फिरली आणि त्याला लेकीशीच लग्न करायचं होतं. ती बेल्जियममधल्या गेलला पळाली, त्यानं गाठून तिचं डोकं उडवलं. म्हणून वेड, फेफरं, निद्रानाश तिच्याकडे. 1349मध्ये तिथं तिचं चर्च बांधायला घेतलं. रुग्णाला चर्चला लागून असलेल्या खोलीत नऊ दिवस ठेवत. गर्दी वाढली तशी गावकऱ्यांनी माणसं घरी ठेवून घेतली. नऊ दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. 1938 साली गेलमध्ये असे 3,736 रुग्ण कुटुंबांत राहत होते, शेतात राबत होते, पोरं सांभाळत होते. पद्धत अजून चालू आहे, संख्या मात्र फार घटली आहे.

राजकन्येची गोष्ट खोटी असेल, बहुधा आहेच. पण रुग्णाला जेवायला शेजारी बसवणारं गाव खरं आहे, आणि मला चमत्कार म्हणून तेवढाच पटतो. नऊ दिवस हरेगावलाही आहेत. दहाव्या दिवशी रुग्ण कुणाच्या घरी जातो, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलेला नाही. मढीला कानिफनाथांकडे बरं व्हायला नेलेल्यांच्या बाबतीतही नाही.

केंदळ, वळण, संगमनेर, हरेगाव भागातल्या वाचकांना विनंती आहे. घरात आजीनं माउलीला बोललेल्या नवसाची हकिकत असेल, तर आजार, साल आणि पुढं काय झालं ते लिहून ठेवा. नवस फळला नसेल, तर तेही.