काचेआडचा धाक

दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत मासे संथपणे फिरताना दिसले, की पाहुणे हटकून म्हणतात, "काय शांत वाटतं हो!" प्रतापनगरच्या बैठ्या घरांतून आणि आता फ्लॅटांतूनही ही हौस पुष्कळांनी जोपासली आहे. यजमान कौतुकाने मान डोलावतात. परंतु त्या शांततेत एखादा मासा चार दिवसांचा उपाशी असतो, आणि तो कोणाच्याच नजरेस आलेला नसतो.

कुत्र्या-मांजरांचे भांडण अख्ख्या आळीला कळते. माशांचे मुके असते. दांडगा मासा नुसता आडवा उभा राहतो, पर ताणतो, कल्ल्यांची झाकणे फुगवतो. दुबळा मुकाट्याने मागे सरतो. चावा नाही, जखम नाही. हेच दिवसभर चालले की दुबळ्याचे खाणे सुटते, रंग उतरतो, पर अंगालगत मिटतात आणि व्हाइट स्पॉटसारखा रोग त्याला सहज गाठतो. मग घरात ठरते, पाणी बाधले! बिचाऱ्या आजव्याच्या पाण्यावर उगाच आळ. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी तसेच ओतले तर मासे दगावतात हे खरे. पण तेव्हा बहुतेक सगळेच एकदम तडफडू लागतात. चार-आठ दिवसांच्या अंतराने एकेकच, आणि तोही लहानखुरा, जाऊ लागला, तर संशय टाकीतल्या सोबत्यावरही घ्यावा.

कोणत्या सोबत्यावर? येथे रूपावर जाऊन चालत नाही. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा डॉर्फ गोरामी हा मूळचा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, दिसायला लाजाळू. परंतु नराने पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधले, की त्याखालची जागा त्याच्या मालकीची. गोरामीला हवा घेण्यासाठी मधूनमधून पृष्ठभागावर यावे लागते. दुसरा नर वर आला रे आला की पहिला त्याला हाकलतो. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात, आणि दोघे-तिघेच असले तर अधिकच. सहा-आठ ठेवले तर त्यांची खोडी बहुधा आपसांतच जिरते. खुद्द एंजलही काही संत नव्हे. जोडी जमली की टाकीचा एक कोपरा ती बळकावते.

या विषयाचे जाणते अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ. प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी 1973 साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. 1963 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी सिक्लिड जातीच्या माशांची मोठी मासलेवाईक हकीकत दिली आहे. मध्ये काच घालून शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन जोड्या सुखाने नांदत. पण काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की नर स्वतःच्या मादीवरच राग काढू लागे. काच पुसली की घरात पुन्हा सलोखा! शेजाऱ्याशी अबोला धरून घरात गोडीने राहणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

तेव्हा पाहायचे कसे? खोलीतला दिवा मालवून, टाकीपासून चार हात दूर, पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. जवळ गेले की मासे खाण्याच्या आशेने गोळा होतात आणि खरे वागणे लपते. खाणे टाकताना कोण आला हे पाहू नये, कोण आला नाही हे पाहावे. हीटरच्या मागे, फिल्टरच्या नळीआड किंवा वरच्या कोपऱ्यात जो सतत चिकटून असतो, त्याच्यापासून शोध सुरू करावा.

पुष्कळजण त्या गांजलेल्या माशालाच बाहेर काढतात. तो निघाला की त्याच्या खालोखाल दुबळ्याची पाळी येते. जखमी असेल तर त्याला वेगळे ठेवून उपचार करावेतच. पण आठ-दहा दिवस बाहेर जायला हवे ते दांडग्याने. तेवढ्यात दगड, वनस्पती, मडक्याची खापरे यांची सगळी मांडणी बदलावी आणि दिवा मालवल्यावर त्याला पाहुण्यासारखे परत सोडावे. जुनी हद्द मोडलेली असते. मध्ये दाट वनस्पती असल्या की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या दृष्टीस पडत नाही. खाणे दोन्ही टोकांना टाकावे. मात्र दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत उणेपुरे 56 लिटर पाणी मावते. त्यात दोन नर गोरामी ठेवण्याचा हट्ट धरू नये. एकाला दुसऱ्या हौशी घरी द्यावे.

वैशाखात नवे मासे न आणलेलेच बरे. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, माशांची चळवळ वाढते, आणि आधीच दाटीवाटी झालेल्या टाकीत नवख्याला लपायला जागा उरत नाही.