भंगारातली कर्कश कॅसेट फेकू नका

तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे पालघर-बोईसर पट्ट्यात भंगाराचा धंदा चालतो. लोखंड-प्लास्टिकबरोबर त्यात कधी जुने घरगुती संगणक आणि कॅसेटी येतात व किलोवर जातात. आमचा धंदा कापडाचा. तरी भंगारवाले आणि टेप दुरुस्त करणारे कारीगर बंधू यांनी हा माल ओळखावा, असे आम्हाला वाटते.

१९८०च्या दशकात हे संगणक टीव्हीला जोडत आणि प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर ठेवत. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली ब्रिटनच्या स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती भारतात आणली. कुवेतच्या अल-आलमिया कंपनीचे 'सख्र' संगणक अरबी लिपीत चालत. आखातात नोकरी केलेल्यांच्या घरी एखादा निघाला तर नवल नाही.

कापडवाल्याला यातली हिकमत लवकर समजेल. जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक असले की ताण्याचा धागा उचलला जातो, नसले की नाही. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर भोकाच्या जागी आवाज आहे: शून्यासाठी आखूड ठोका, एकासाठी त्याच्या दुप्पट लांब. टेपवर वाजवली की नुसती चिरचिर ऐकू येते आणि माणूस ती खराब समजून फेकतो. आत कोणाचा हिशोब असेल, कोणी रात्री जागून लिहिलेला प्रोग्राम असेल.

सूर काढायलाही स्पेक्ट्रमकडे चालू-बंद होणारी एकच तार होती. 'बीप १, ०' असा हुकूम दिला की पेटीवरच्या मधल्या पांढरी एकचा सूर एक सेकंद वाजे, आणि तेवढा वेळ संगणक दुसरे काही करीत नसे. सख्रमध्ये आवाजाची वेगळी चिप होती. 'प्ले' म्हटले की तीन सूर एकदम निघत, 'मोटर' म्हटले की जोडलेला टेपरेकॉर्डर आपोआप फिरू लागे. माणसाचा आवाज भरणे मात्र जिकिरीचे. सेकंदाला आठ हजार वेळा तार तपासून फक्त 'आहे-नाही' नोंदवले, तरी सेकंदाला एक हजार बाइट खर्च. ४८ केच्या यंत्रात सुमारे चाळीस सेकंद मावत, तेही घोगरे.

आता कामाचे. कॅसेट लावण्याआधी मागच्या कडेची प्लास्टिकची चकती मोडा, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. यंत्राचा पट्टा बदला, हेड स्पिरिटने पुसा. हेडचा बारीक स्क्रू फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण लागेल तिथे थांबा. निम्म्या कॅसेटी इथेच सुधारतात असे जुने उस्ताद सांगतात. मग संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडा, माइकच्या भोकात नको. आवाज फाटू देऊ नका. फाइल 'वेव्ह' ठेवा, 'एमपीथ्री' नको, कारण ती जागा वाचवायला आवाजाचा काही भाग गाळते आणि ठोक्यांची लांबी बिघडण्याचा धोका असतो. आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारे प्रोग्राम मिळतात, ते या फाइलींवरून जुना माल पुन्हा चालवतात.

त्याच खोक्यात आखातातून आलेली बोलती पत्रे असू शकतात, वडिलांच्या आवाजातली. त्यांचीही रीत हीच. मजुरी सांगताना एवढे ध्यानात ठेवा, साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात. भाव नगावर नव्हे, तासावर ठरवा.