नोव्हेंबरचं ताट आणि फेब्रुवारीची भूक

अमेरिकेत अन्नदानाला हंगाम असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतो आणि त्या आठवड्यात शहरांतल्या अन्नछत्रांकडे स्वयंसेवकांची रीघ लागते. टर्की वाढायला, भाज्या चिरायला, भांडी घासायला गरजेपेक्षा जास्त हात येतात. फेब्रुवारीत बाहेरची रांग तेवढीच असते, किंबहुना थंडीमुळे तिची निकड वाढलेली असते, पण हात विरळ होतात. आपल्याकडे दिवाळीत अनाथाश्रमांत फराळाचे डबे एकावर एक साचतात आणि पौषात तिथला भांडारी डाळीचा हिशेब करत बसतो, तसंच हे. म्हणून तिथल्या एपिस्कोपल चर्चच्या शरदातल्या जीवनाबद्दल लिहिताना सणाच्या ताटापेक्षा एका रुक्ष कागदाकडे लक्ष वेधावंसं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पॅरिशचे, म्हणजे स्थानिक मंडळीचे, सभासद एका चिठ्ठीवर पुढच्या वर्षी आपण किती देणार ते लिहून देतात. या चर्चच्या समाजसेवेचा कणा ती चिठ्ठी आहे, असं माझं म्हणणं आहे.

एपिस्कोपल चर्च ही इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेची अमेरिकन शाखा. मुंबईतलं फोर्टमधलं सेंट थॉमस कथीड्रल त्याच परंपरेत उभं राहिलं. 1970 साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा उत्तर भारतातल्या अँग्लिकन मंडळ्या त्यात विलीन झाल्या. अमेरिकेत मात्र या चर्चची वाट निराळी झाली. वसाहतींच्या काळात व्हर्जिनियासारख्या ठिकाणी ते सरकारी चर्च होतं, करातून त्याचा खर्च चाले. स्वातंत्र्ययुद्धानंतर तो आधार गेला. 1789 साली चर्चनं स्वतःची घटना आणि स्वतःचं प्रार्थनापुस्तक स्वीकारलं, आणि पैसा कुठून आणायचा हा प्रश्न कायमचा मागे लागला. एकोणिसाव्या शतकातलं रुळलेलं उत्तर म्हणजे बाकांचं भाडं. कुटुंबानं बाक भाड्यानं घ्यायचा, चांगल्या जागेला भाडं जास्त, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं मागे बसायचं. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग या धर्मगुरूंनी 1846 साली चर्च ऑफ द होली कम्युनियन उघडलं ते सगळ्यांना मोफत बाक ठेवून. त्याच म्यूलेनबर्गांच्या खटपटीतून पुढे सेंट ल्यूक हॉस्पिटल उभं राहिलं. बाक कुणाचा हा प्रश्न आणि आजाऱ्याची सोय कोण करणार हा प्रश्न, दोन्ही त्यांनी एकाच श्रद्धेनं हाताळले. पुढे बाकभाडं मागे पडलं आणि त्याची जागा वार्षिक वचनचिठ्ठीनं घेतली.

या चिठ्ठीभोवती पॅरिशचा शरद रचलेला असतो. सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे तिथला कामगार दिन, उलटला की सुट्टीवर गेलेली कुटुंबं परततात, रविवारची शाळा उघडते, गायकवृंदाच्या तालमी सुरू होतात. 4 ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस. त्याच्या आसपास लोक कुत्री, मांजरं, कासवं घेऊन आशीर्वादाला येतात. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कथीड्रलच्या मिरवणुकीत उंट आणि हत्तीही चालले आहेत. 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस आणि दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचा स्मृतिदिन. अनेक पॅरिशमध्ये त्या वर्षात गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली जातात. या सुमारास दाराशी जुन्या कोटांची खोकी भरू लागतात, डबाबंद अन्नाचे ढीग लागतात. थँक्सगिव्हिंगचा संबंध तर फार जुना आहे: 1789च्या प्रार्थनापुस्तकात भूमीच्या फळांबद्दल आभार मानण्याची स्वतंत्र उपासना होती आणि तिच्यासाठी नोव्हेंबरचा पहिला गुरुवार नेमलेला होता. लिंकननी राष्ट्रीय आभारदिनाची घोषणा केली ती 1863 साली. म्हणजे सुगीचे आभार मानायचे आणि त्या आभारांतून काही वाटून द्यायचं, हा विचार या चर्चमध्ये सरकारी सुट्टीच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे.

चिठ्ठ्या जमा झाल्या की त्या व्हेस्ट्रीपुढे जातात. व्हेस्ट्री म्हणजे सभासदांनी निवडून दिलेलं कारभारी मंडळ. मुख्य धर्मगुरूची, म्हणजे रेक्टरची निवडही तेच करतं आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रकही तेच ठरवतं. छताची गळती, ऑर्गनची दुरुस्ती, रेक्टरचा पगार, बिशपच्या कार्यालयाचा वाटा आणि भुकेल्यांचं जेवण हे सगळे आकडे एका पानावर येतात. 1982 साली चर्चच्या सर्वोच्च सभेनं उत्पन्नाचा दहावा हिस्सा हा देण्याचा किमान मापदंड म्हणून जाहीर केला. प्रत्यक्षात बहुतेक सभासद त्याहून बरंच कमी देतात. तरीही जानेवारी उजाडण्याआधी व्हेस्ट्रीला अंदाज असतो की ऑगस्टमध्ये हाती काय असेल. दाता मनात आलं म्हणून देतो तेव्हा घेणाऱ्याला दुसऱ्या दिवसाचा भरवसा नसतो. दात्यानं आधीच शब्द दिला असेल तर स्वयंपाकी ठेवता येतो, शीतपेटी विकत घेता येते, समाजसेवक नेमता येतो. अन्नछत्र चालवणाऱ्याला या भरवशाची किंमत पुरती ठाऊक असते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मॅनहॅटनच्या चेल्सी भागात, नववा अॅव्हेन्यू आणि अठ्ठावीसावा रस्ता जिथे मिळतात तिथे आहे. चर्च ऑफ द होली अपॉसल्स ही 1840च्या दशकात मिनार्ड लफीव्हर या वास्तुकारानं बांधलेली, विल्यम जे बोल्टनच्या रंगीत काचांची देखणी इमारत. मंडळी मात्र लहान आणि फारशी श्रीमंत नाही. 1982चा शरद अमेरिकेला कठीण गेला. मंदी होती, बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती आणि आदल्या वर्षीच्या कायद्यानं फूड स्टॅम्पना कात्री लागली होती. त्या ऑक्टोबरमध्ये या पॅरिशनं अन्नछत्र सुरू केलं. पहिल्या दिवशी जेवायला आले ते 35च्या आसपास. नेम ठरला तो सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारचं गरम जेवण, मागेल त्याला, चौकशी न करता. कोविडच्या महासाथीच्या आधीच्या वर्षांत हा आकडा दिवसाला हजाराच्या घरात गेला होता.

1990च्या एप्रिलमध्ये चर्चला आग लागली. छत गेलं, अनेक काचा गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण वाढलं गेलं. गरम नव्हतं, पण नेम मोडला नाही. पुढची काही वर्षं जीर्णोद्धार चालला आणि तेव्हा पॅरिशनं जो निर्णय घेतला तो मला या साऱ्या हकिकतीचा गाभा वाटतो. बाक परत बसवले गेले नाहीत. मुख्य उपासनागृहाची फरशी मोकळी ठेवली गेली आणि 1994पासून ताटं तिथेच, वेदीच्या समोर, मांडली जाऊ लागली. रविवारी खुर्च्या लावून उपासना, आठवडाभर टेबलं लावून जेवण. एके काळी बाकाच्या भाड्यावर माणसाची जागा ठरवणाऱ्या चर्चमध्ये घरदार नसलेला माणूस मधोमध बसून जेवू लागला. जेवणाच्या जोडीला सल्लामसलत आली, सरकारी मदतीचे अर्ज भरून देणं आलं, आणि लेखक इयन फ्रेझियर यांनी 1990च्या दशकात जेवायला येणाऱ्यांसाठी लेखनवर्गही सुरू केला.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा आहे. होली अपॉसल्सच्या अन्नछत्राचा खर्च त्या छोट्या मंडळीच्या चिठ्ठ्यांतून भागत नाही. मोठा वाटा बाहेरचे देणगीदार, प्रतिष्ठानं आणि सरकारी अनुदानं यांचा आहे. मग चिठ्ठीला कणा कसं म्हणायचं? मला वाटतं, इथे क्रम पाहिला पाहिजे. बाहेरचा पैसा चालू असलेल्या कामाकडे येतो. इमारत उघडी ठेवणं, तिची वीज-पाणी भरणं, आगीनंतर काम थांबवायचं नाही असं ठरवणं, हा धोका आधी मंडळीनं पत्करलेला असतो. उलट ट्रिनिटी चर्च वॉल स्ट्रीटकडे पाहा. 1705 साली ॲन राणीच्या सनदेनं मिळालेल्या 215 एकर जमिनीतून वाढलेली त्याची मालमत्ता आज अब्जावधी डॉलरांची आहे. ते देशोदेशी अनुदानं देतं आणि ते काम मोलाचं आहे. पण असं नशीब फार थोड्या पॅरिशना लाभतं. निम्म्याहून अधिक पॅरिशमध्ये रविवारी पन्नास माणसंही जमत नाहीत. त्यांच्यापुढे सनदेचा मार्ग नसतो, शब्द देण्याचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चर्चनं जेवण घालायचं आणि सरकारनं हात झटकायचे, असं होत नाही का? 1982मध्ये तात्पुरती गरज म्हणून उघडलेली अन्नछत्रं चार दशकं चालू राहिली, हे कल्याणकारी राज्याच्या अपयशाचंच चिन्ह नव्हे का? आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. देशभरातल्या अन्नपेढ्यांचं जाळं चालवणारी फीडिंग अमेरिका ही संस्था स्वतःच सांगते की अन्नपेढ्या एक जेवण पुरवतात तेव्हा फूड स्टॅम्पची आजची योजना, स्नॅप, नऊ जेवणं पुरवते. 2025मध्ये चार कोटींहून अधिक माणसं त्या योजनेवर अवलंबून होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं आणि नोव्हेंबरात स्नॅपचे पैसे अडकले, तेव्हा अन्नपेढ्यांसमोरच्या रांगा लांबल्या आणि दानाची मर्यादा उघडी पडली. पण यातून अन्नछत्र बंद करा असा निष्कर्ष निघत नाही. रोज वाढणाऱ्याला भूक कुठून येते ते कळतं: कुणाचं घरभाडं वाढलं, कुणाचा अर्ज कुठल्या कागदापायी फेटाळला गेला. एपिस्कोपल चर्च वॉशिंग्टनमध्ये धोरणांबाबत पाठपुरावा करणारं कार्यालय चालवतं आणि पोषण योजनांची बाजू मांडतं. त्या मांडणीला वजन येतं ते रोजच्या पंगतीमुळे. वर्षातून एकदा टर्की वाढणाऱ्याला हे ज्ञान होत नाही, आणि मला हंगामी दानाचा सर्वांत मोठा तोटा हाच वाटतो.

मराठी वाचकाच्या मनात तिसरी शंका येईल ती धर्माची. चर्चनं वाढलेल्या ताटाबरोबर आणखी काय येतं? ही शंका हवेतली नाही. तिला आपला इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट या चर्चपर्यंत जातो. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. 1886मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष युनिटेरियन पंथाचे एडवर्ड एव्हरेट हेल, तर उपाध्यक्षांत बॉस्टनच्या ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चचे रेक्टर फिलिप्स ब्रुक्स. या मंडळींनी एकदाच थैली भरून दिली नाही. दहा वर्षं विधवांच्या शाळेचा भार उचलण्याचं वचन दिलं आणि गावोगावच्या रमाबाई मंडळांतून वार्षिक वर्गण्या गोळा केल्या. त्या वचनावर 1889मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथे शिकलेल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. कर्व्यांच्या हिंगण्यातल्या स्त्रीशिक्षणाच्या कामामागे जी माणसं उभी राहिली, त्यांतल्या एकीचं शिक्षण त्या वर्गणीतून झालं.

शाळेत धर्म शिकवायचा नाही ही मूळ अट होती. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात वादळ उठलं आणि 1893मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की आपण दार उघडं ठेवलं, बोलावलं कुणाला नाही. दोन्ही बाजूंना आपापलं बळ आहे. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की अन्न किंवा शिक्षण देणारा आणि घेणारा यांच्यात सत्ता सारखी नसते, म्हणून शंका दूर करण्याची जबाबदारी देणाऱ्याची. होली अपॉसल्समध्ये जेवणाआधी प्रवचन नाही, प्रार्थनेची अट नाही. वेदीसमोर ताट मांडणं हाच एक उपदेश झाला, असं कुणी म्हणेल, आणि त्यात थोडं तथ्य आहे. मात्र याच इमारतीत 1973 साली समलिंगी ज्यूंची बेथ सिमखात तोरा ही मंडळी पहिल्यांदा उपासनेला जमली, आणि नंतरही अनेक वर्षं शुक्रवारच्या संध्याकाळी तिची उपासना तिथे होत असे. आपली वास्तू दुसऱ्याच्या देवासाठी उघडणाऱ्या पॅरिशच्या ताटाबद्दल मला तरी संशय वाटत नाही.

उरतो तो टिकून राहण्याचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सोपं नाही. 1960च्या दशकात या चर्चचे सभासद 34 लाखांच्या आसपास होते. आज ते 16 लाखांच्याही खाली आले आहेत. चिठ्ठ्या कमी होत आहेत आणि लिहिणाऱ्यांचं वय वाढतं आहे. काही ठिकाणी दोन-तीन पॅरिश मिळून एक रेक्टर ठेवतात. अशा वेळी व्हेस्ट्रीत कुणीतरी म्हणतंच की आधी आपलं चर्च वाचवू, मग शेजाऱ्यांचं पाहू. हा विचार स्वार्थी नाही, त्यात आपल्या आजी-आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या कुंडाची काळजी असते. तरी मला तो चुकीचा वाटतो. आठवडाभर बंद असलेल्या इमारतीचं छत दुरुस्त करायला बाहेरचा माणूस पैसे देत नाही. होली अपॉसल्सच्या जळलेल्या छताकडे शहराचं लक्ष गेलं ते त्याखाली साडेसात वर्षं रोज दुपारी पंगत बसत होती म्हणून. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली तर ऑर्गनची दुरुस्ती आधी पुढे ढकलावी, हॉलचा रंग त्याआधी, आणि स्वयंपाकघराच्या ओळीला सर्वांत शेवटी हात लावावा.