जाणत्या हाताची दृष्टी

व्यापारी कुटुंबांना मालिश नवी नाही. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला तेल लावणाऱ्या बाईंपासून आजोबांचे गुडघे चोळणाऱ्या माणसापर्यंत अनेक हात या घरांनी पाहिले आहेत. हे कौशल्य बहुधा पाहून पाहून आलेले असते. परंतु मालिश करणारी व्यक्ती जेव्हा शरीररचनाशास्त्राचा रीतसर अभ्यास करते, तेव्हा तिच्या हाताबरोबर तिची दृष्टीही बदलते.

अभ्यासापूर्वी पाठ म्हणजे तेल लावण्याची एक सपाट जागा असते. अभ्यासानंतर तिच्यातील थर जाणवू लागतात. सर्वांत वर ट्रॅपेझियस हा रुंद स्नायू असतो. तो कवटीच्या मागील भागापासून खांद्यापर्यंत आणि खाली छातीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत पसरलेला असतो. त्याखाली खांद्याचे हाड मणक्यांकडे ओढणारे स्नायू आणि त्याहून आत कण्याला उभे धरणारे लांब स्नायू असतात. मग बोटे अंदाजाने फिरत नाहीत. कोणता थर आखडला आहे, याचा शोध घेतात.

ही दृष्टी कामाच्या खोलीपुरती राहत नाही. बाजारपेठेतून जाताना मान वाकडी करून, कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाइल धरलेला दुकानदार दिसतो, तेव्हा त्याच्या मानेच्या एका बाजूचे आखडलेले स्नायू तिच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे 4.5 ते 5 किलो असते. दिवसभर हिशेबावर मान झुकवली की तो भार मानेच्या मागच्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. संध्याकाळी दुखते ते मात्र डोके! मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्‌तास बसणाऱ्याच्या पायाला मुंग्या येतात. नितंबातून पायात उतरणारी सायटिक नस तेथे दाबली जाऊ शकते. पाय निर्दोष असतो. खतावणीत एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर पडावी, तसाच हा प्रकार. चूक जेथे दिसते तेथे नसते. मूळ नोंद शोधावी लागते.

शरीर जाणून मगच त्यास हात लावावा, हा विचार भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची पद्धत सांगितली असून 107 मर्मस्थानांचे वर्णन आहे. मर्म म्हणजे जेथे आघात झाला असता जिवाला किंवा अवयवाला धोका पोहोचतो, अशी जागा. थोडक्यात, हात कोठे आवरावा, हेही शरीराच्या ज्ञानाचेच अंग होते.

या ज्ञानाची खरी कसोटी लागते तीही येथेच. समजा, दीर्घ प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर एखाद्याची एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते आहे आणि दुखते आहे. न शिकलेला हात म्हणेल, ‘जरा जोराने चोळू, मोकळे होईल.’ शिकलेल्या हाताला ठाऊक असते की आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसापर्यंत गेली तर प्राणावर बेतू शकते. तो हात तत्काळ बाजूला होतो आणि रुग्णास विनाविलंब डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांवर तो दाब देत नाही. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेच्या पाठीवर तो भार टाकत नाही. त्या दिवसाची मजुरी बुडते, पण एक जीव वाचू शकतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांसाठी मालिश करणाऱ्या व्यक्तीस बोलावताना दर विचारण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘कोणत्या दुखण्याला तुम्ही हात लावत नाही?’ ज्यांच्याजवळ याचे नेमके उत्तर आहे, त्यांच्या हाती आजोबांचे गुडघे निश्चिंतपणे सोपवावेत. ‘आम्ही सगळेच बरे करतो’ असे सांगणाऱ्यांना मात्र नम्रपणे नकार द्यावा.