वाळू दबते म्हणजे नेमकं काय होतं?

एरंडोलहून जळगावला जाताना बांभोरीपाशी गिरणा नदी लागते. पाणी ओसरल्यावर पात्रातल्या ओल्या, घट्ट वाळूवर पाय ठेवा आणि खाली बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणात कोरडी, पांढुरकी दिसते. घट्ट बसलेले कण एकमेकांवरून सरकताना थोडे उचलले जातात, मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 मध्ये याचा उलगडा केला. मला हा प्रकार आजही भारी वाटतो!

सैल वाळू उलट वागते. भार आला की कण फटींत घसरतात आणि ती खचते. कण चपटे होत नाहीत, जागा बदलतात, म्हणून भार काढला तरी बहुतेक खचलेलं परत येत नाही. ओली चिकणमाती वर्षानुवर्षं दबत राहते. वाळूचं खचणं मात्र बरंचसं बांधकाम चालू असतानाच उरकतं.

म्हणून इमारतीचा पाया घालण्याआधी चाचणी करा. जमिनीत उभ्या केलेल्या नळीवर 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमीवरून टाकतात आणि ती 30 सेंमी आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. दहाच्या आत ठोके म्हणजे वाळू सैल, तिसाच्या वर म्हणजे दाट. सगळे कॉलम सारखे खचले तर फारसं बिघडत नाही; कमीजास्त खचले की भिंतींना तडे जातात.

जोत्यात वाळू भरताय? एकदम ओतू नका. थर द्या, पाणी मारा, प्लेट व्हायब्रेटर फिरवा. सैल वाळू सगळ्यात पटकन बसते ती कंपनानेच.